अंबाजीरावांचं निधान

पर्यायाचं परिपत्रक यंदाही वेळेवर आलं. निवृत्त कर्मचाऱ्यांनी आपल्या आरोग्य विम्याचा पुढच्या वर्षाचा पर्याय महिन्याभरात कळवावा, तीन चौकटींपैकी एकीत खूण करावी, मुदतीनंतर आलेल्या अर्जांचा विचार होणार नाही. मैलापूरच्या आमच्या पेन्शनर संघाच्या खोलीत मी टेबल मांडून बसलो, चष्मा पुसला, आणि आलेल्या पहिल्याच माणसाने विचारलं, "जोग सार, राव सार असते तर काय सांगितले असते?"

माझं आडनाव जोगळेकर. चेन्नईत चाळीस वर्षं काढल्यावर त्याचं जोग झालं, त्याची मला सवय झाली. या प्रश्नाची मात्र होत नाही. राव सार म्हणजे के. अंबाजीराव. ते जाऊन आता दोन वर्षं होतील. मी आयुष्यात फार लोकांचा मत्सर केला नाही. माझ्या डोक्यावरून पुढे गेलेल्या साहेबांचा केला नाही, अमेरिकेत मुलं असलेल्या शेजाऱ्यांचा केला नाही. एका डिस्पॅच क्लार्कचा केला, आणि तो अगदी मनापासून केला.

आमची कंपनी सरकारी. कारखाना गुम्मिडिपूंडीला आणि कचेरी मैलापुरात. मी कार्मिक विभागात अधिकारी होतो. निवृत्तांच्या आरोग्य योजनेचे नियम ज्या समितीने केले, तिचा मसुदा माझ्या हातचा. पहिली चौकट मूळ योजनेची, दुसरी मूळ योजनेवर वाढीव संरक्षण घेणाऱ्यांची, तिसरी योजनेतून बाहेर पडणाऱ्यांची. 'एकदा सभासदाचे नाव कमी झाल्यास, कारण कोणतेही असो, ते त्या वर्षात पुन्हा घेता येणार नाही,' हे वाक्यही माझंच. त्यातल्या 'कारण कोणतेही असो' या तीन शब्दांचा मला तेव्हा अभिमान होता. पळवाट ठेवली की लोक तिच्यातून हत्ती नेतात, हे माझं नोकरीतलं तत्त्वज्ञान.

अंबाजीराव त्याच कचेरीत तळमजल्यावर बसायचे. मी लिहिलेलं प्रत्येक पत्र त्यांच्या टेबलावरून बाहेर जायचं. ठेंगणी मूर्ती, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका, अंगात बाहेर सोडलेला पांढरा शर्ट. कुठेही आत शिरताना ते चपला काढायचे, मग ते देऊळ असो, बँक असो की जनरल मॅनेजरची खोली. दुसऱ्याचं पेन घेतलं की ते परत द्यायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. माझी निदान चार पेनं त्या खिशात गेली. मागितली की ते खिसा उपडा करून सगळी टेबलावर मांडायचे आणि म्हणायचे, "ओळखून घ्या, सार." त्यात माझं कधीच नसायचं.

त्यांचं घराणं तंजावरकडचं, तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेलेलं. घरी मराठी, बाहेर तमिळ, आणि लिहायचं झालं तर तमिळ किंवा इंग्रजी अक्षरांत, कारण देवनागरी कुणी शिकवलीच नव्हती. मी साताऱ्याचा. चेन्नईत मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्या दिवशी हर्षभराने त्यांच्याशी बोलायला गेलो. ते म्हणाले, "बसा. कापी घेतां? उगें बसा हो, मी सांगतों." मला वाटलं, हा माणूस माझी थट्टा करतोय. मग हळूहळू कळलं की त्यांच्या घरात सगळे असेच बोलतात. "मी केलों", "मी पाहिलों" असं ते म्हणायचे, आणि मी ते दुरुस्त करायचो. एकदा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची मराठी नवी आहे, सार. आमची जुनी. नवें जुन्यास शिकवितें, हें बरवें दिसत नाहीं." सगळा तळमजला हसला. एकालाही मराठी कळत नव्हती, पण हसले.

त्यांचा एक शब्द होता, 'निधान'. आपल्याकडे निधान म्हणजे ठेवा, खजिना. त्यांच्याकडे तमिळच्या संगतीने तो शब्द निराळाच झाला होता. निधान म्हणजे सावकाश, शांत, स्थिर. जिना घाईने उतरणाऱ्याला ते "निधान, निधान" म्हणायचे. पोस्टाची वेळ टळतेय म्हणून मी ओरडलो की म्हणायचे, "निधान, सार. पत्रास पाय नाहींत, आम्हांस आहेत." ताप उतरलेल्या माणसाबद्दल विचारलं तर उत्तर यायचं, "आतां निधान आहेत." तीस वर्षं हा शब्द मी रोज ऐकला. त्यांच्या तोंडच्या त्या शब्दाचा अर्थ मला जितका ठाऊक होता तितका चेन्नईतल्या दुसऱ्या कुणाही मराठी माणसाला नसेल. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

निवृत्त झाल्यावर मी संघाचा सेक्रेटरी झालो. ते रीतीलाच धरून होतं. नियम माझे, इंग्रजी माझं, मुंबईच्या मुख्य कचेरीत ओळखी माझ्या. पर्यायाच्या महिन्यात लोक माझ्याकडे येतील असं मी धरून चाललो होतो. लोक आले, "नमस्कारम् जोग सार" म्हणाले, आणि माझ्या टेबलाला वळसा घालून खिडकीजवळच्या बाकाकडे गेले. तिथे अंबाजीराव चपला काढून मांडी घालून बसले होते.

त्यांची पद्धत विचित्र होती. परिपत्रक ते कधी शेवटपर्यंत वाचत नसत. माणूस आला की म्हणायचे, "फायल नक्को. गोळ्यांच्या पट्ट्या आणलां काय?" मग त्या अर्ध्या खाल्लेल्या पट्ट्या मांडीवर पसरून पत्ते पाहावेत तशा पाहायचे. एकदा आमच्या कॅशियरची विधवा पत्नी, पार्वती अम्माळ, आली. पट्टीवर वारांची नावं छापलेली होती. सोमवार गेलेला, मंगळवार शिल्लक, बुधवार गेलेला, पुढचे तीन दिवस शिल्लक. अंबाजीरावांनी पट्टी बाजूला ठेवली आणि तमिळमध्ये विचारलं, "मुलगा घर सोडून कधी गेला?" बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुलगा महिन्यापूर्वी सून घेऊन वेगळा झाला होता आणि त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं. मी हळूच विचारलं, तुम्हाला कसं कळलं? ते म्हणाले, "गोळी राहिली म्हणजे आठवण करणारें कोणी राहिलें नाहीं." मग म्हणाले, बाईंना वाढीव संरक्षण घेऊन भलं मोठं लांबचं हॉस्पिटल नको, घरापासून शेअर ऑटोने जाता येईल असं लहान हवं, आणि ते मूळ योजनेत आहे. पहिल्या चौकटीत खूण. मी अर्धा तास परिपत्रक दाखवून सांगितलं असतं आणि चुकीचं सांगितलं असतं.

आणि ती हॉस्पिटलांची यादी. योजनेत असलेल्या हॉस्पिटलांची छापील यादी परिपत्रकाला जोडलेली असते. ती खरी मानायची हा माझा धर्म. अंबाजीराव ती खिशात घालून दर वर्षी एकेका हॉस्पिटलात स्वतः जायचे, लोकलने, बसने, पायी. विम्याच्या टेबलासमोरच्या बाकावर तासभर बसून राहायचे. टेबलावरची मुलगी म्हाताऱ्यांशी बोलताना मान वर करते का, संडास किती लांब आहे, लिफ्ट वॉर्डाच्या मजल्यावर थांबते का, एवढंच पाहायचे. यादीच्या कडेला तमिळमधलं एकेक अक्षर लिहून आणायचे. त्या अक्षरांचा अर्थ फक्त त्यांनाच ठाऊक, आणि सगळे पेन्शनर त्यावर डोळे मिटून खूण करत. "राव सारची यादी" असं तिचं नाव पडलं. मी केलेल्या नियमांना कुणी कधी जोग सारचे नियम म्हटलं नाही.

एका वर्षी मला राहवेना. पंधरा दिवस खपून मी संगणकावर एक रंगीत तक्ता केला. तिन्ही चौकटी, सत्तरीनंतर मिळणारं सरकारी कार्ड, काय मिळतं, काय मिळत नाही, अटी, मुदती, सगळं एका पानावर. आजही सांगतो, तक्ता उत्तम होता. भिंतीवर लावला आणि छडी घेऊन उभा राहिलो. चारपाच माणसं जमली. त्यात गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यातला आमचा जुना ड्रायव्हर मुनुसामी होता. त्याने हात मागे बांधून सगळं ऐकलं, तक्त्याच्या अगदी जवळ जाऊन पाहिलं आणि फार अदबीने विचारलं, "एल्लाम सरी, सार. इदुल नान एंगे?" सगळं बरोबर आहे, सार, पण ह्यात मी कुठे आहे? मी पुन्हा पहिल्या चौकटीवर छडी ठेवली. तो खिडकीकडे गेला. मागोमाग उरलेले गेले. त्या बाकापाशी रांगेत शेवटी एक बाई हातात पिशवी घेऊन उभी होती. ती माझी बायको नलिनी होती.

आम्ही वेलचेरीला घरी परतलो. जिना चढताना म्हणालो, "नियम नवऱ्याने लिहिलेत, आणि तू त्या माणसाला विचारतेस?"

"तुम्ही नियम सांगता हो," ती म्हणाली. "ते मला विचारतात."

खरा घाव पुढेच होता. सेक्रेटरी म्हणून सगळ्यांचे अर्ज तपासून मुंबईला पाठवणं माझ्याकडे असायचं. अर्जात 'तातडीच्या प्रसंगी संपर्क' अशी एक ओळ असते. पार्वती अम्माळच्या अर्जावर अंबाजीरावांचा फोन नंबर. मुनुसामीच्या अर्जावर तोच. पान उलटावं तर तोच नंबर, कधी त्यांच्या अक्षरात, कधी थरथरत्या हाताने लिहिलेला. ज्यांना मुलं नव्हती त्यांच्यावर होता आणि ज्यांना होती त्यांच्यावरही होता. शेवटी नलिनीचा अर्ज आला; जोडीदाराचा अर्ज वेगळा भरावा लागतो. त्या ओळीत माझा नंबर दुसरा होता. पहिला त्यांचा.

मी कागद तिच्यापुढे धरला. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुम्ही घाबरता ना. मागे मला चक्कर आली तेव्हा तुम्ही किल्ल्या शोधत बसलात. ते घाबरत नाहीत." तिने हे रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. तिने अगदी साधेपणाने म्हटलं. त्या दिवसापासून मी त्या माणसावर जळू लागलो. जळणं म्हणजे काय ते मला तोवर नुसतं शब्दकोशातलं ठाऊक होतं.

मग ते वर्ष आलं. पर्यायाच्या महिन्याचा शेवटचा आठवडा. सगळ्यांच्या खुणा करून झाल्या होत्या, अंबाजीरावांनी स्वतःच्या अर्जावर दुसऱ्या चौकटीत खूण करून तोही माझ्याकडे दिला होता. दुसऱ्या दिवशी ते खोलीवर आले नाहीत. छातीत दुखलं म्हणून घरीच आहेत असं कळलं. त्यांची बायको पूर्वीच गेली होती. त्यांच्याबरोबर धाकटी विधवा बहीण राहायची, गोदाक्का. दुपारी माझ्या फोनवर तिचा मराठी संदेश आला, इंग्रजी अक्षरांत. मी तो जसाच्या तसा वाचून दाखवतो. "अण्णा nidhan. डॉक्टर येऊन पाहिले. कोण येऊ नक्का."

मी ते निधन वाचलं.

संदेश वाचल्याबरोबर माझ्या मनात जे आलं ते सांगितलं नाही तर हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. दुःख आलं, पण ते दुसरं आलं. पहिलं आलं ते, सुंठीवाचून खोकला गेला. आता लोक माझ्याकडे येतील. हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत आलं आणि गेलं, पण आलं. आणि त्याने माझे हात भराभर चालू लागले. एक फोन करून खात्री करावी हे सुचलं नाही, कारण खात्री करायची इच्छाच नव्हती.

मी आधी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मृत्युलेख लिहिला, इंग्रजीत, सहा परिच्छेद. चांगला उतरला. डिस्पॅचच्या टेबलाला त्यांनी कशी प्रतिष्ठा आणली, पट्ट्या कशा वाचायचे, हॉस्पिटलांच्या बाकांवर कसे बसायचे. तीस वर्षांत तोंडावर एक चांगला शब्द बोललो नव्हतो, ते सगळं त्यात लिहिलं. जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली. लोकांनी मला कळवलं की लेख वाचून रडू आलं, आणि मला, देवा, बरं वाटलं. मग मुंबईच्या मुख्य कचेरीला ईमेल लिहिलं. सभासदाच्या मृत्यूची सूचना सेक्रेटरीने द्यायची असते, म्हणजे नूतनीकरणाच्या यादीतून नाव कमी होतं. असं पत्र एरवी मी तेराव्यानंतर पाठवतो. त्या दिवशी तासाभरात पाठवलं. शेवटी एक ओळ जोडली. यापुढे चेन्नईच्या सभासदांनी मार्गदर्शनासाठी खाली सही करणाराशी संपर्क साधावा. खाली माझं नाव आणि फोन नंबर.

येऊ नका असा निरोप असला तरी अशा वेळी कोण थांबतं? मी, मुनुसामी आणि आणखी दोघे भला मोठा हार घेऊन त्यांच्या घरी गेलो. गल्ली शांत होती. दाराशी चपलांची गर्दी नव्हती. गोदाक्काने दार उघडलं, आमच्याकडे पाहिलं, हाराकडे पाहिलं. आतून कॉफीचा वास येत होता. अंबाजीराव आरामखुर्चीत बनियनवर बसले होते आणि बशीतून कॉफी पीत होते.

"या," ते म्हणाले. "हार कोणास?"

मुनुसामीने हार पाठीमागे लपवायचा प्रयत्न केला, पण तो लपण्यासारखा नव्हता. मी खिशातून फोन काढून गोदाक्काचा संदेश पुढे केला. तिने वाचला आणि म्हणाली, "बरोबरच तर आहे. अण्णा निधान आहेत म्हणून लिहिलों. डॉक्टर पाहून गेले, उगें गर्दी नक्को म्हणून." मग तिच्या लक्षात आलं. तिने पदर तोंडाला लावला. ती हसते आहे की रडते आहे हे कळायला जरा वेळ लागला. मुनुसामी हार मांडीवर घेऊन जमिनीवरच बसला आणि पोट धरून हसू लागला.

अंबाजीराव म्हणाले, "मागच्या आठवड्यास यंत्रावर आंगठा ठेवून हयातीचा दाखला दिलों, सार. यंत्र म्हणालें, जिवंत आहे. आतां तें खोटें कीं तुम्ही?" त्यांनी तो हार दाराबाहेर ठेवायला सांगितला, संध्याकाळी गल्लीत गाय येते ती खाईल म्हणाले. मला कॉफी दिली. मी ती प्यायलो. त्या घरात सगळे हसत होते आणि मीही हसत होतो, आणि परत निघताना चपला घालायला वाकलो तेव्हा मला ईमेल आठवलं.

आता खरं म्हणजे तिथूनच मुंबईला फोन करायचा होता. 'मी खात्री न करता कळवलं, चूक माझी, नाव राहू द्या,' इतकी दोन वाक्यं. मी तीन दिवस मसुदा करत बसलो. दोन वाक्यं लिहायचो आणि खोडायचो. सेक्रेटरीने जिवंत माणसाला मेलेला ठरवला, हे माझ्या सहीने मुख्य कचेरीत जाणार होतं. शेवटी जे पत्र गेलं त्यात लिहिलं होतं की, स्थानिक बोलीतील एका संदिग्ध संदेशामुळे गैरसमज झाला. म्हणजे चूक गोदाक्काच्या मराठीची. उत्तर लगेच आलं. यादी दोन दिवसांपूर्वीच गोठवून विमा कंपनीला गेली आहे. नियमानुसार, कारण कोणतेही असो, नाव या वर्षात पुन्हा घेता येत नाही. पुढील वर्षी विशेष बाब म्हणून विचार होईल. आपलेच दात आणि आपलेच ओठ. छातीत दुखणाऱ्या माणसाचं एक वर्ष मी उघड्यावर टाकलं होतं.

ते पत्र त्यांना मीच नेऊन दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात माझ्याच एका पेनाशेजारी ठेवलं. "परवाइल्लै," म्हणाले. काही हरकत नाही. "सत्तरीचें सरकारी कार्ड आहे कीं. तें कशास आहे?" खोलीवर लोक चिडले होते, राव सारचं नाव कापलं कुणी म्हणून. ग्रुपवरचा लेख मी त्याच संध्याकाळी काढून टाकला होता, आणि ईमेलचं कुणालाच ठाऊक नव्हतं. मुनुसामी तर मुंबईला जायला निघाला होता. अंबाजीराव सगळ्यांना एकच सांगायचे, "ऑफिसचें चुकलें." मी शेजारच्या टेबलाशी बसून ऐकायचो. मला वाटायचं की त्यांनी एकदा माझं नाव घ्यावं, लोकांनी मला शिव्या द्याव्यात आणि हिशेब मिटावा. ते नाव घेत नव्हते आणि त्यांच्या चांगुलपणाचा मला संताप येत होता.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. रात्री झोपले ते सकाळी उठले नाहीत, घरच्या अंथरुणात. कोणताही विमा तिथे काही करू शकला नसता. हे मी तीन वेगवेगळ्या डॉक्टरांना विचारून घेतलं आहे, आणि चौथा भेटला तर त्यालाही विचारीन.

त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. थंडीत, म्हणजे चेन्नईत जिला थंडी म्हणतात तीत, त्यांना छातीच्या तपासणीसाठी सरकारी इस्पितळात जायचं होतं. नलिनी म्हणाली, "तुम्ही जा त्यांच्याबरोबर." तिने सगळं ओळखलं होतं की काय कोण जाणे. मी गेलो. मोठा दिवाणखान्यासारखा हॉल, ओळीने बाकं, हातात चिठ्ठ्या घेतलेली शेकडो माणसं. आम्ही एका बाकावर बसलो. त्यांनी चपला काढून बाकाखाली सरकवल्या. तासभर नंबर पुकारले जात होते. मग मी म्हणालो,

"अंबाजीराव, ते ईमेल मी पाठवलं होतं."

"ठाऊक आहे, सार."

"कुणी सांगितलं?"

"मुंबईहून प्रत मागवून घेतलों. ती नसती तरी कळलें असतें. 'रिग्रेट टू इंटिमेट' म्हणून तुम्हीच एकटे लिहितां. तीस वर्षें तुमचीं पत्रें मीच डिस्पॅच केलों कीं." मग म्हणाले, "शेवटची ओळही वाचलों."

ती ओळ मी कुणालाही, नलिनीलाही सांगितली नव्हती.

"तींत तुमचा फोन नंबर चुकला आहे," अंबाजीराव म्हणाले. "एक आंकडा कमी. नीट करून पाठवा, सार. माणसें फोन करतील आणि लागायचा नाहीं. उगी भितील."

मी मान खाली घालून बसलो. मला वाटतं मी रडत होतो, पण त्या हॉलमध्ये रडणाऱ्याकडे कुणी पाहत नाही. थोड्या वेळाने त्यांचा नंबर पुकारला गेला. ते उठले. दोन पावलं गेले असतील, तोच पलीकडच्या बाकावरची एक म्हातारी हातातल्या गोळ्यांच्या पट्ट्या दाखवत काहीतरी विचारू लागली. ते अनवाणीच तिच्यापुढे उकिडवे बसले, पट्टी उजेडाकडे धरली आणि वाचू लागले. शेजारच्या दोन बायका आपापल्या पिशव्या घेऊन जवळ सरकल्या. खिडकीतून त्यांचा नंबर दुसऱ्यांदा पुकारला. मी ओरडून सांगितलं, "अंबाजीराव, तुमचा नंबर!" त्यांनी वर न पाहता हाताने मला थांबा असं सांगितलं. माझ्या खिशात माझं विम्याचं कार्ड होतं, दुसऱ्या चौकटीचं, शहरातल्या कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात चालणारं. त्या जमिनीवर बसलेल्या, विमा नसलेल्या माणसाच्या जागी मी असतो तर, असं मला वाटलं, आणि इतकं वाटलं की माझ्याच छातीत कळ आली. खिडकीवरच्या माणसाने नंबर तिसऱ्यांदा पुकारला आणि मग पुढचा घेतला.